बजाजनगरातली बुजवलेली खिडकी

मी आरेखक. म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारी. इंजिनिअर ठरवतो, मिस्त्री बांधतो आणि दोघांच्या मधे कागदावर रेघा ओढणारं एक माणूस लागतं, ते मी होते. एका कार्यालयात एकतीस वर्षं हेच केलं. आधी तिरप्या टेबलावर वाकून, मग कॉम्प्युटरसमोर बसून. पाठ दोन्हींत सारखीच गेली.

निवृत्तीनंतर खरं तर काही करायचं नव्हतं. पण माझ्या नणंदेनं जुनं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी सहज मोजमापाची फीत घेऊन तिच्यासोबत गेले. त्या घरातली एक खोली कागदावर होती त्यापेक्षा दोन फूट लहान निघाली. कर्णोपकर्णी गोष्ट पसरली आणि लोक घर घेण्याआधी मला बोलवायला लागले. जुनं घर बघताना लोक रंग बघतात, नळ सोडून बघतात. मी परवानगीचा नकाशा मागते आणि घर त्याच्याशी ताडून बघते. घर आधी बाहेरून मोजायचं, मग प्रत्येक खोली आतून मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे भिंतींची जाडी. तो हिशेब जमला नाही, तर घरानं काहीतरी लपवलंय असं समजायचं. यात हुशारी काही नाही, चिकाटी पाहिजे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. एक गृहस्थ हातात होकायंत्र घेऊन आले आणि जिना आग्नेयेला पाहिजे म्हणून अडून बसले. होकायंत्र लोखंडी गजाच्या खिडकीत धरलंय, हे मी दाखवल्यावर जिना दोन पावलांत आग्नेयेला गेला. एका नवराबायकोचं न घेतलेल्या घराच्या ओट्याच्या उंचीवरून असं वाजलं, की घरमालकानंच त्यांना चहा करून दिला.

पण जुन्या घरांच्या वाढीव भागाकडे मी हसून बघू शकत नाही. त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायची. एकानं मागच्या बाजूला वाढीव खोली काढून मागितली. खिडकी ठेवली असती तर शेजाऱ्याशी वाद होणार होता, म्हणून ते म्हणाले, खिडकी नको. मी काढून दिली. खूप वर्षांनी त्याच घरी जाण्याचा योग आला. त्या खोलीत त्यांची म्हातारी आई पडून होती, भर दुपारी दिवा लावलेला. तिनं मला विचारलं, बाहेर ऊन आहे का गं? मी हो म्हणाले आणि बाहेर आले. तेव्हापासून कुठलंही वाढीव बांधकाम बघायला गेले, की मी आधी उजेड कुठून येतो ते बघते.

लताबाई माझ्याकडे आल्या त्या ज्याच्या-त्याच्या नकाराला कंटाळून. बाई मूळच्या पिशोरच्या, शेतकरी घरातल्या. नवरा रामनाथ वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर. बाईंची तिथंच बजाजनगरात खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर भाड्याच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत तीन शेगड्या आणि भिंतीला लागून बसलेली कामगार पोरं. घरमालकाला सिलेंडर आणि गर्दी नको झाली होती. दसऱ्यापर्यंत खोल्या रिकाम्या करा, असं त्यानं सांगितलं होतं. लांब गेलं तर गिऱ्हाईक तुटणार, जवळ कुणी खानावळीला जागा देणार नाही. तेव्हा दोघांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं, आणि त्यांच्या आवाक्यात त्या भागात एकच घर होतं.

“घर मला पसंत हाय, मॅडम,” लताबाई म्हणाल्या. “पण जो बघतो तो म्हणतो, येडंबागडं हाय, घेऊ नका. काहून घेऊ नको, ते कुणी सांगत नाय. तुम्ही सांगा. तुम्ही नाय म्हणल्यावर मी नाव काढणार नाय.”

घर कोपऱ्याच्या प्लॉटवर होतं, जुनं, बैठं. पुढं बसायची खोली, मागं झोपायची खोली, बाजूला स्वयंपाकघर. इथपर्यंत सगळं ठीक. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून बाजूच्या मोकळ्या जागेत दोन खोल्यांचा वाढीव भाग बांधलेला होता. पुढची खोली चांगली मोठी, दोन खिडक्या, भरपूर उजेड. पण त्या भागात घरातून जायला वाटच नव्हती. एक तर पुढच्या दारानं बाहेर पडायचं, फाटकातून रस्त्यावर यायचं, कोपरा वळायचा आणि दुसऱ्या फाटकानं आत शिरायचं. नाहीतर मागच्या न्हाणीघरातून. न्हाणीघर दोन्ही भागांच्या मधोमध होतं आणि त्याला दोन दारं होती, एक इकडं, एक तिकडं. म्हणजे कुणी अंघोळीला बसलं की घराचे दोन तुकडे. घर दाखवायला आलेल्या दलालानं मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, हे घर मी अकरा जणांना दाखवलंय, अकराही जण न्हाणीघरापर्यंत येऊन परत गेले.

लताबाईंना मात्र तीच मोठी खोली पाहिजे होती. रस्त्याकडे वेगळं दार असलेली, उजेडाची, खानावळीला जशी पाहिजे तशी. अडचण एकच. स्वयंपाक घरातल्या ओट्यावर करायचा आणि वाढायला रस्त्यावरून फिरून जायचं, हे रोज दोन वेळा पन्नास माणसांना जमणार नव्हतं.

घर जोशीसरांचं होतं. सर गणिताचे शिक्षक, निवृत्त, बायको गेलेली, गुडघे गेलेले. मुलीकडे शहरात राहायला जायचं म्हणून घर विकत होते. त्यांनी परवानगीचा नकाशा काढून दिला, घड्यांवर फाटलेला, पण पूर्ण. मी तो उलगडला आणि तिथंच थांबले. नकाशात वाढीव भाग रीतसर होता, शिक्क्यासह. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत, अगदी मधोमध, एक दार होतं.

जागेवर तिथं सपाट भिंत होती, तिच्यावर देवाचं कॅलेंडर.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, दार करायचं होतं, राहून गेलं. लगेच त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मी युसूफ मिस्त्रींना घेऊन गेले, लताबाईही आल्या. युसूफमियाँ माझ्यापेक्षा वयानं मोठे, भिंतीशी बोलल्यासारखं काम करणारे. त्यांनी कॅलेंडर उतरवलं, थापीच्या मुठीनं भिंत ठोकत गेले. एका ठिकाणी आवाज भरीव होता, हातभर सरकलं की पोकळ. मग त्यांनी बादलीभर पाणी मागवलं आणि कुंच्यानं सगळी भिंत भिजवली. आम्ही बघत उभे राहिलो. भिंत वाळायला लागली तशी तिच्यावर ओलसर रेघांची चौकट उमटली, तीन फूट रुंद, चार फूट उंच. जुनी भिंत आणि मागाहून भरलेला भाग पाणी सारखं पीत नाहीत, म्हणून असं होतं.

“मॅडम, ये खिडकी है,” युसूफमियाँ म्हणाले. “किसीने बंद करेली है. उप्पर लिंटेल साबूत है, दरवाजा कर लो, कायकू डरना?”

या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. भिंतीत नवं दार पाडणं जोखमीचं असतं, कारण वरच्या छताचा भार त्या भिंतीवर असतो. पण खिडकीच्या डोक्यावर आधीच एक आडवी तुळई घातलेली असते, तो भार पेलणारी. तिलाच लिंटेल म्हणतात. खिडकीचं दार करायचं तर फक्त खालचा भाग काढायचा. छताला कळतसुद्धा नाही. म्हणजे त्या येड्याबागड्या घराला शहाणं करायला दोन दिवसांचं काम होतं. मला इतका आनंद झाला की मी लताबाईंचा हात धरला.

तेव्हा मागं खुर्चीत बसलेले जोशीसर म्हणाले, “ती भिंत मला फोडता येणार नाही. घर दोघांच्या नावावर आहे.”

मग सगळं कळलं. सरांना धाकटा भाऊ होता, सुधाकर. वाढीव भाग त्याच्यासाठी बांधला होता, दोघांनी मिळून. स्वयंपाकघरातली ती खिडकी आधीपासूनची. बांधकाम संपेपर्यंत तिथूनच ताटं इकडून तिकडं जात, सवडीनं दार करू असं ठरलं होतं. मधेच दोघांचं बिनसलं. सरांच्या मते पाण्याच्या मोटारीवरून. पुढं सुधाकर आपला भाग बंद करून फर्दापूरला गेला. तिथं त्यानं लेण्यांना येणाऱ्या पर्यटकांसाठी लॉज आणि जेवणाचं हॉटेल काढलं. दोघं भाऊ वीस वर्षांपेक्षा जास्त काळ बोललेले नव्हते. विक्रीला त्याची सही लागणार होती, म्हणून सरांनी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही.

“खिडकी त्यानं बुजवली,” सर म्हणाले. “एक दिवस उठलो तर तिकडून विटा.”

दलालानं त्याच संध्याकाळी लताबाईंना सांगितलं, की या घराचा नाद सोडा. रामनाथचंही तेच मत पडलं. लताबाईंनी मला फोन केला. फर्दापूर किती लांब आहे, एवढंच विचारलं.

आम्ही तिघं गेलो. लताबाई, रामनाथ आणि मी. सुधाकररावांचं हॉटेल हमरस्त्यालाच होतं. गल्ल्यावर बसलेला माणूस बघितल्याबरोबर मी ओळखलं, तेच कपाळ, तीच भुवई वर करून बघायची तऱ्हा. मी बोलायला तोंड उघडणार तोच लताबाईंनी जेवण मागवलं. जेवून झाल्यावर त्या हात धुवायला म्हणून आत भटारखान्यात गेल्या आणि बऱ्याच वेळानं सुधाकररावांना घेऊनच बाहेर आल्या. वरणाला फोडणी जळकी लागते आणि आचारी तेल फार तापवतो, एवढं त्यांनी सरळ सांगितलं होतं. स्वतः खानावळ चालवते हेही सांगितलं होतं. त्यामुळं बोलणं सुरू झालं ते स्वयंपाकावरून.

बजाजनगरचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“दादानं पाठवलं का तुम्हाला?”

“नाय,” लताबाई म्हणाल्या. “त्येन्ला ठावंच नाय. मला घर पायजे, म्हणून आले. तुमच्या दोघांचं तुम्ही बघा.”

सुधाकररावांनी गल्ला बंद केला. मग त्यांनी मला विचारलं, की खिडकी कुणी बुजवली म्हणून सांगितलं दादानं. मी खरं ते सांगितलं. ते एकदम उठून उभे राहिले. खिडकी दादानं बुजवली, मी नाही, असं ते तीन वेळा म्हणाले. म्हणाले, वडील गेले त्या वर्षी दादा मला एक शब्द बोलला होता, तो मी गिळला. पण ताट येत होतं ती जागा बंद केली, ते नाही गिळता आलं. आणि आता तो सगळ्यांना सांगतो, मी बुजवली?

इथं मी एक धाडस केलं. शहाण्या माणसानं केलं नसतं. मी म्हणाले, की भिंत उघडली तर कुणी बांधली ते कळतं. मिस्त्री ज्या बाजूला उभा राहून विटा लावतो, त्या बाजूचे सांधे तो थापीनं साफ करतो. पलीकडं त्याचा हात पोचत नाही, तिकडं मालाचे ओघळ तसेच वाळून राहतात. भिंत खोटं बोलत नाही.

“मग उघडा,” सुधाकरराव म्हणाले. “माझ्यासमोर. दादानं बांधली असं निघालं, की मी सही करतो.”

परतीच्या वाटेवर मला कळलं, मी काय करून बसले. सुधाकररावांनी बांधली असं निघालं तर ते सही करणार नव्हते. सरांनी बांधली असं निघालं तर सर अपमानानं विक्रीच थांबवतील. दोन्हीकडून लताबाईंचं घर जाणार होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “बंद ठेवूनबी जाणारच हाय की.”

भिंत रविवारी उघडली. सर खुर्चीत बसले होते. सुधाकरराव दारातून आत आले आणि उभेच राहिले. कुणी कुणाकडं बघितलं नाही. लताबाई आणि रामनाथ ओट्यापाशी. युसूफमियाँनी छिन्नी लावली आणि गिलावा सोलायला सुरुवात केली.

विटा दिसल्या. उभ्या लावलेल्या, पातळ भिंत. मी जवळ जाऊन बघितलं. सांधे स्वच्छ होते, थापी फिरवलेली. म्हणजे बांधणारा इकडं उभा होता. सरांच्या स्वयंपाकघरात.

“इकडून बांधलंय,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सुधाकररावांनी फक्त मान हलवली. सरांचा चेहरा उतरला. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. उठले असते तर ते आतल्या खोलीत गेले असते आणि सगळं संपलं असतं. पण तेवढ्यात युसूफमियाँनी वरची पहिली वीट ओढून काढली आणि हात आत घालून थांबले.

“रुको, साब. अंदर और एक है.”

विटा निघत गेल्या तशी आतली लाकडी चौकट दिसली. तिचे गज कापलेले होते, खुंट तेवढे राहिले होते. आणि चौकटीच्या पलीकडं आणखी एक भिंत. तशीच पातळ, तशाच उभ्या विटा. तिच्यावर आमच्या बाजूला मालाचे ओघळ गोठलेले होते, बोटांसारखे. म्हणजे ती तिकडून बांधलेली होती.

एकाच खिडकीत दोन भिंती होत्या. मधे वीतभरही जागा नव्हती.

दोघांनीही खरं सांगितलं होतं, आणि दोघांनीही अर्धंच. वीस वर्षं प्रत्येकाला समोरच्याच्या विटा आठवत होत्या, स्वतःच्या नाही.

सगळ्यांच्या आधी सुधाकरराव सावरले आणि त्यांनी मला विचारलं, “पण आधी कुणी? ते कळत असेल ना तुम्हाला?”

कळत होतं. मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही, आजही नाव सांगणार नाही, पण कळत होतं. चौकटीच्या तळाशी एका भिंतीचे ओघळ पडून वाळले होते आणि दुसऱ्या भिंतीची खालची वीट त्या ओघळांवर बसवलेली होती. ज्याला दोन भिंतींचा क्रम वाचता येतो त्याला एका नजरेत दिसावं असं. मी युसूफमियाँकडं बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी थापी घेतली आणि चौकटीचा तळ एका हातानं खरवडून साफ केला.

“नाही,” मी म्हणाले. “ते कळत नाही.”

एकतीस वर्षांत मी मोजमाप कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

सर परत खुर्चीत बसले. सुधाकररावांनी चौकटीतल्या कापलेल्या गजांवर बोट फिरवलं.

“हे तू कापलेस, दादा. ताट जावं म्हणून.”

“तू धरले होतेस,” सर म्हणाले. “नीट धरता येत नव्हते तुला. वाकडे कापले गेले.”

एवढंच बोलले. मग सर मुलीला फोन लावायला बाहेर गेले आणि सुधाकरराव त्यांच्या मागं गेले. दुसरी भिंत युसूफमियाँनी पाडली तेव्हा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तिकडच्या दोन खिडक्यांचं ऊन एकदम ओट्यापर्यंत आलं. लताबाईंनी ओट्यावर हात ठेवला, त्या उन्हात, आणि तसाच राहू दिला.

सह्या पुढच्याच आठवड्यात झाल्या. दोघं भाऊ एकाच रिक्षातून आले. लताबाईंनी आपलं नाव सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत लिहिलं. खरेदीखतात घर त्यांच्या एकटीच्या नावावर घ्यायचं रामनाथनं ठरवलं होतं आणि हे त्यानं तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांनासुद्धा नाही. लिपिकानं नाव वाचून दाखवलं तेव्हा बाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. तो म्हणाला, “खानावळ तुझी हाय, तर घर कोनाचं असंल?”

न्हाणीघराचं एक दार आम्ही बंद केलं. खिडकीखालचा भाग काढून दार केलं. युसूफमियाँनी त्याची चौकट अशी बसवली, की सांधा शोधून सापडत नाही. दसऱ्याच्या आधी चार दिवस लताबाई राहायला गेल्या.

पहिल्या पंगतीला मी गेले होते. एका नळकांड्यात नवा कागद आणि हातात फीत घेऊन. जुन्या घरात फेरफार झाला, की नवा नकाशा काढावा लागतो. माझं सगळं आयुष्य त्यात गेलंय. लोक भिंती हव्या तशा बांधतात आणि मग नकाशा त्या चुकीशी जुळवून घ्यावा लागतो. मी सवयीनं मोजायला सुरुवात केली. बाहेरून, आतून, भिंतींची जाडी, दाराची रुंदी. फाटलेला जुना नकाशा ओट्यावर पसरला आणि आकडे ताडून पाहिले. एक-एक आकडा बरोबर आला. दारही जिथं काढलेलं होतं तिथंच.

नव्यानं काढण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं घर चुकायचं आणि मी नकाशा दुरुस्त करायचे. पहिल्यांदाच घर दुरुस्त होऊन नकाशाजवळ आलं होतं.

मी कोरा कागद परत नळकांड्यात घातला. सकाळची पाळी सुटून आलेली पोरं पलीकडच्या खोलीत बसत होती. लताबाई भाकरीची परात घेऊन माझ्या शेजारून त्या दारातून गेल्या, कुठंही न वळता, तीन पावलांत. तिकडून त्यांचा आवाज आला, की मॅडम, फीत ठेवा आता आणि पानावर बसा.